वाचकांचे प्रश्न: आपल्या बोर्डासाठी ड्रायव्हर कसा मांडायचा?

प्रश्न (भोसरीहून एक वाचक): ताई नमस्कार. आम्ही मित्र मिळून मशिनच्या स्पिंडलचं व्हायब्रेशन मोजणारा बोर्ड करतोय. त्यात झायलिंक्सचा झिंक ७००० आहे, म्हणजे एकाच चिपमध्ये आर्मचे दोन कोअर आणि शेजारी एफपीजीए (आतलं सर्किट आपण स्वतः ठरवतो तो भाग). एफपीजीएत आमचा स्वतःचा ब्लॉक लिहिलाय: ८ चॅनलचा १६ बिट एडीसी (व्होल्टेजचे आकडे करून देणारा), प्रत्येक चॅनलला सेकंदाला ५०,००० सॅम्पल, ४०९६ बाइटचा फिफो (सॅम्पल वाचेपर्यंत रांगेत ठेवणारी जागा), शिवाय स्पिंडलच्या एन्कोडरचा काउंटर आणि ६ रिले. सगळं एकाच रजिस्टर मॅपमध्ये, इंटरप्टची (हार्डवेअरने सीपीयूला हाक मारायची) लाइन पण एकच. सध्या डेव्ह-मेम मॅप करून (रजिस्टर थेट प्रोग्राममध्ये घेऊन) पोलिंग करतो, म्हणजे सारखं विचारत राहतो, चालतं पण मधेच सॅम्पल गळतात. आता लिनक्सचा नीट ड्रायव्हर लिहायचाय. एक मित्र म्हणतो यूआयओ (ड्रायव्हरचं बहुतेक काम कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडे देणारी सोय) वापर, दुसरा म्हणतो एकच कॅरेक्टर डिव्हाइस कर आणि सगळं आयऑक्टलने (अ‍ॅपने ड्रायव्हरला हुकूम द्यायचा कॉल) दे, मी आयआयओ (सेन्सर, एडीसीसाठीची कर्नलची सबसिस्टिम) आणि एमएफडी (एकाच चिपमधली अनेक कामं वाटून देणारी) वाचलं आणि अजूनच गोंधळलो. आणि हार्डवेअर जर आमचंच आहे, जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, तर स्टँडर्ड सबसिस्टिमच्या भानगडीत पडायचंच कशाला?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. ब्लॉक तुमचा एकट्याचा आहे हे खरं, पण तो करतो काय? व्होल्टेज मोजतो, पल्स मोजतो, सहा तारा चालू-बंद करतो. या तिन्ही कामांना कर्नलमध्ये आधीच जागा आहे. त्यामुळे रचना ठरवताना रजिस्टर मॅप समोर घेऊन बसू नका, वरून सुरुवात करा: अ‍ॅपला काय दिसणार, कुठली फाइल उघडणार, त्यातून कुठल्या युनिटमध्ये आकडे येणार. ड्रायव्हरच्या आतलं सगळं तुम्ही पुढच्या महिन्यात मोडून नव्याने लिहिलंत तरी कुणाला कळणार नाही, पण वर जे दिलंत त्याच्यावर लोक अ‍ॅप लिहितात, ग्राहकाकडे बोर्ड जातो, आणि मग ते वर्षानुवर्षं तसंच सांभाळावं लागतं.

आता सॅम्पल का गळतात ते आधी बघू, त्यातच यूआयओचं उत्तर पण मिळेल. ८ चॅनल गुणिले २ बाइट गुणिले ५०,००० म्हणजे सेकंदाला ८ लाख बाइट. तुमचा ४०९६ बाइटचा फिफो जेमतेम ५ मिलिसेकंदात भरतो, म्हणजे पोलिंग करणारा प्रोग्राम तेवढा वेळ जरी सीपीयूवरून बाजूला झाला, कुणी लॉग लिहिलं, कुणी नेटवर्कवरून फाइल ओढली, की सॅम्पल गेले. इंटरप्ट लावलात आणि तो फिफो अर्धा भरल्यावर आला तर पुढचा अर्धा भरायच्या आत, म्हणजे अडीच मिलिसेकंदात तुम्ही वाचायला सुरुवात केली पाहिजे, आणि हे सेकंदाला साधारण ३९० वेळा.

यूआयओमध्ये काय होतं? कर्नलमध्ये अगदी थोडा कोड असतो. इंटरप्ट आला की तो लाइन बंद करतो आणि तुमच्या प्रोग्रामला उठवतो, रीड केलं की ४ बाइट मिळतात ज्यात आजवर किती इंटरप्ट आले तो आकडा असतो, मग प्रोग्रामने रजिस्टर वाचायची आणि परत १ लिहून इंटरप्ट चालू करायचा. २००७ मध्ये २.६.२३ पासून हे कर्नलमध्ये आहे आणि चांगलं आहे, पण तुमच्या बाबतीत अडीच मिलिसेकंदांची ती मुदत युजरस्पेसच्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामच्या, गळ्यात पडते. प्रोग्रामला रिअलटाइम प्रायॉरिटी देऊन, मेमरी लॉक करून हे जमवता येतं, पण मग तो प्रोग्राम कुणी लिहायचा, कसा लिहायचा याची सगळी पथ्यं कायमची पाळावी लागतात, आणि उद्या डीएमए (सीपीयूला मधे न घेता हार्डवेअरने डेटा थेट मेमरीत टाकणं) हवा झाला तर यूआयओमध्ये त्याची सोय तोकडी आहे. एकच प्रोग्राम, एकच इंटरप्ट, संथ डेटा, लॅबमधलं काम असं असेल तर यूआयओ खुशाल वापरा. तुमचा बोर्ड विकायचा आहे, तिथे मी नको म्हणेन.

दुसऱ्या मित्राचं, म्हणजे एक कॅरेक्टर डिव्हाइस आणि आयऑक्टल. हे सुरुवातीला सगळ्यात सोपं वाटतं, मिस्क डिव्हाइस रजिस्टर करायला दहा ओळी लागतात. पण त्यानंतरचं सगळं तुम्हीच लिहायचं: डेटा नसेल तर रीड थांबवायचा कसा, पोल कसा करायचा, दोन प्रोग्रामनी एकदम उघडलं तर काय, आणि सगळ्यात वाईट, फाइल उघडी असताना ड्रायव्हर अनबाइंड झाला, म्हणजे डिव्हाइसपासून सोडवला गेला, तर काय. प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) डेव्हएमवाल्या फंक्शनने मेमरी घेतली की अनबाइंड झाल्यावर ती आपोआप सुटते, पण अ‍ॅपच्या हातात अजून फाइल आहे, त्याने पुढचा रीड केला की सुटलेल्या मेमरीला हात लागतो. मॉड्यूलचा रेफरन्स काउंट असतो म्हणून आरएममॉड (मॉड्यूल काढायची कमांड) अडतं, अनबाइंड मात्र अडत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आयआयओच्या कोअरमध्ये ही केस हाताळलेली आहे, डिव्हाइस गेलं की रीडला ‘असं डिव्हाइस नाही’ हा एरर येतो आणि विषय संपतो. सबसिस्टिम वापरायचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे, असले कोपरे तिथे अनेकांनी अनेक वर्षं घासून ठेवलेत.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत: एडीसी आयआयओमध्ये, एन्कोडर काउंटर सबसिस्टिममध्ये, रिले जीपीआयओ (साध्या चालू-बंद लाइन) म्हणून.

आयआयओमध्ये एडीसीचा प्रत्येक चॅनल सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) इन_व्होल्टेज०_रॉ अशा नावाने दिसतो, शेजारी स्केल असतो आणि दोन्हींचा गुणाकार मिलिव्होल्टमध्ये येतो (ऑफसेट असेल तर तो आधी रॉमध्ये मिळवायचा). सलग डेटा डेव्हमधल्या फाइलमधून बफरने मिळतो. ८ चॅनलचा एक स्कॅन १६ बाइटचा, टाइमस्टॅम्प चालू केलात तर २४. आता मजेची गोष्ट बघा, अर्ध्या फिफोत १२८ स्कॅन असतात, ते कर्नलमधला थ्रेडेड इंटरप्ट काढून बफरमध्ये टाकतो, आणि हा थ्रेड मुळातच रिअलटाइम प्रायॉरिटी ५० वर चालतो. म्हणजे अडीच मिलिसेकंदांची मुदत कर्नलने पाळायची, आणि बफर ५०,००० स्कॅनचा ठेवलात तर अ‍ॅपला जवळजवळ एक सेकंदाची सवड मिळते. पायथॉनमध्ये लिहिलेलं अ‍ॅप सुद्धा आरामात पुरेल. वर लिबआयआयओ आयती मिळते, तिचा डेमन बोर्डवर चालवलात की लॅपटॉपवरून नेटवर्कने वेव्हफॉर्म बघता येतो, त्यासाठी तुम्हाला एक ओळ लिहावी लागत नाही.

डीएमए लागेल का असं मनात आलं असेल. फिफो ३२ बिटने वाचलात तर सेकंदाला २ लाख वाचनं, एफपीजीएच्या रजिस्टरला एका वाचनाला साधारण शे-दोनशे नॅनोसेकंद धरले तर एका कोअरचे दोन-चार टक्के. तेवढं चालतंय, सध्या डीएमए नको. पुढे सॅम्पलिंग दहापट केलंत तर लागेल, आणि तेव्हा आयआयओमध्ये डीएमएचा बफर लावता येतो, अ‍ॅपला फार फरक पडत नाही.

काउंटर सबसिस्टिम ५.२ मध्ये, म्हणजे २०१९ साली आली. त्यात क्वाड्रॅचर एक्स४ वगैरे मोड, सीलिंग, इंडेक्स पल्स हे सगळं आधीच ठरलेल्या नावांनी आहे, तुम्ही फक्त रजिस्टर जोडायची. रिलेसाठी जीपीआयओ चिपचा छोटा ड्रायव्हर, रजिस्टर साधं असेल तर कर्नलमधल्या तयार जेनेरिक कोडवरच भागतं. वरून लिबजीपीआयओडी वापरा, जुना सिसएफएसमधला जीपीआयओ वापरू नका, तो केव्हाच मोडीत काढलाय. एक कळकळीने सांगते, त्यातल्या एखाद्या रिलेने स्पिंडल बंद होणार असेल तर ते ड्रायव्हरच्या भरवशावर ठेवू नका, अ‍ॅप मेलं की जीपीआयओची लाइन कुठल्या अवस्थेत राहील याची खात्री कुणी देत नाही. एफपीजीएतच वॉचडॉग टाका, ठरावीक वेळेत कुणी ठोकलं नाही तर रिले आपोआप सुरक्षित बाजूला गेले पाहिजेत.

आता एमएफडी. तीन वेगळे ड्रायव्हर पण रजिस्टर मॅप एक, इंटरप्ट स्टेटस एक, अशा वेळी एमएफडी लागतो: एक आई-ड्रायव्हर रजिस्टर मॅप करतो, रेगमॅपमधून लॉकिंग सांभाळतो, इंटरप्टची वाटणी करतो आणि तीन मुलांना प्रोब करायला लावतो. बाजारातली चिप असती तर मी हेच सांगितलं असतं. पण एफपीजीए तुमच्या हातात आहे! जो मित्र व्हेरिलॉग (एफपीजीएचं सर्किट लिहायची भाषा) लिहितो त्याला सांगा की तिन्ही ब्लॉक वेगळे कर, प्रत्येकाला निदान ४ केबीची स्वतःची अ‍ॅड्रेस रेंज आणि स्वतःची इंटरप्ट लाइन दे. मग डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणारं वर्णन) तीन सरळ नोड, तीन साधे प्लॅटफॉर्म ड्रायव्हर, एमएफडीची गरजच उरत नाही आणि एन्कोडर बदलला म्हणून एडीसीचा कोड उघडावा लागत नाही. कस्टम हार्डवेअरचा खरा फायदा हाच आहे आणि सॉफ्टवेअरवाले लोक तो मागतच नाहीत, जे मिळेल त्याच्यावर लिहीत बसतात. त्याच वेळी अजून दोन गोष्टी मागून घ्या: पहिल्या रजिस्टरमध्ये ओळख आणि व्हर्जन, आणि इंटरप्टचा स्टेटस ‘१ लिहिला की साफ’ अशा पद्धतीचा. वाचल्यावर आपोआप साफ होणारा स्टेटस नको, डीबग करताना कुणी नुसतं रजिस्टर डंप केलं तरी इंटरप्ट हरवतो.

डिव्हाइस ट्रीमध्ये इंटरप्टचा नंबर टाकताना झिंकवाले हमखास अडकतात म्हणून सांगते, एफपीजीएकडून येणारी पहिली लाइन मॅन्युअलमध्ये ६१ आहे, नोडमध्ये त्यातून ३२ वजा करून २९ लिहायचा, पुढे ४ म्हणजे लेव्हल हाय.

प्रोबमधला क्रम नीट पाळा. आधी रजिस्टर मॅप करा, लगेच ओळख रजिस्टर वाचा आणि अपेक्षित आकडा नसेल तर तिथूनच एरर देऊन बाहेर पडा, चुकीचा बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायचं सर्किट) चढला असेल तर तिथेच कळतं. मग इंटरप्ट एनेबल शून्य करा आणि अडकलेला स्टेटस साफ करा, कारण बूटलोडरने किंवा आधी कोसळलेल्या कर्नलने काय ठेवलंय ते तुम्हाला माहीत नसतं. लॉक, काउंटर, बफर सगळं तयार झाल्यावरच इंटरप्ट मागा, मागितल्याच्या क्षणी तो येऊ शकतो असं धरून चाला. आणि आयआयओत नोंदणी सगळ्यात शेवटी, कारण नोंदणी झाली की वरून कुणीही लगेच फाइल उघडू शकतं. हार्ड हँडलर न देता नुसता थ्रेड दिलात तर वनशॉट फ्लॅग लागतोच, नाहीतर कर्नल इंटरप्ट द्यायलाच नकार देतो. हँडलरमध्ये स्टेटस बघून आपला नसेल तर ‘माझा नाही’ असं खरं उत्तर द्या. तसं केलंत तर एखादी लाइन चिकटून बसल्यावर कर्नलला ते कळतं, शेवटच्या १ लाखांपैकी ९९,९०० इंटरप्ट कुणीच घेतले नाहीत तर तो ती लाइन बंद करून ‘नोबडी केअर्ड’ असं लॉगमध्ये टाकतो. दरवेळी डोळे झाकून ‘घेतला’ म्हणालात तर सीपीयू जाम होतो आणि लॉगमध्ये काहीच दिसत नाही.

शेवटचं, हे कर्नलच्या बाहेर मॉड्यूल म्हणून ठेवणार असाल तर दर अपग्रेडला थोडं काम धरून चाला. युजरस्पेसचा इंटरफेस मोडायचा नाही असा लिनक्समध्ये दंडक आहे पण कर्नलच्या आतल्या फंक्शनांना तसं काही संरक्षण नाही. ६.४ मध्ये क्लास क्रिएटचा एक पॅरामीटर गेला, ६.११ मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचा रिमूव्ह काही परत न करणारा झाला, जुना कोड कंपाइलच होत नाही. ड्रायव्हर छोटे आणि सबसिस्टिमला धरून असले की ही दुरुस्ती अर्ध्या तासाची राहते. लायसन्स जीपीएलच ठेवा, प्लॅटफॉर्म ड्रायव्हर रजिस्टर करायचं फंक्शनसुद्धा फक्त जीपीएल मॉड्यूलना मिळतं.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): आमच्याकडे जुना मिस्क ड्रायव्हर आहे, आयऑक्टलवाला, ३२ बिट बोर्डवर कित्येक वर्षं व्यवस्थित चालला. आता ६४ बिट आर्मवर गेलो, ड्रायव्हर नव्याने कंपाइल केला पण अ‍ॅपचा सोर्स एका ग्राहकाकडे आहे म्हणून ते जुनंच ३२ बिट बायनरी चालवतोय. प्रत्येक आयऑक्टलला ईनॉटटीवाय (‘हा आयऑक्टल चालत नाही’ असा एरर) येतं. ड्रायव्हरचा फंक्शन कॉलच होत नाही असं दिसतंय.

उत्तर: बरोबर दिसतंय, कॉल होतच नाही. ६४ बिट कर्नलवर ३२ बिट प्रोग्रामचा आयऑक्टल वेगळ्या दाराने येतो, कॉम्पॅट आयऑक्टल म्हणून, आणि तुमच्या फाइल ऑपरेशनमध्ये तो भरलेला नसेल तर कर्नल परस्पर ईनॉटटीवाय देतो. पण नुसता भरून भागेल असं नाही. आयऑक्टलच्या नंबरमध्ये स्ट्रक्टचा साइज पण गुंफलेला असतो, आणि तुमच्या स्ट्रक्टमध्ये लाँग किंवा पॉइंटर असेल तर ३२ बिटवर तो ४ बाइटचा आणि ६४ बिटवर ८ चा, म्हणजे साइज बदलला, नंबर बदलला, अ‍ॅप एक नंबर पाठवतंय आणि ड्रायव्हर दुसऱ्याची वाट बघतोय.

स्ट्रक्टमध्ये सगळं ठरावीक रुंदीचं, यू३२, यू६४ असं असेल तर तुम्ही सुटलात, कर्नलमधलं तयार कॉम्पॅट पॉइंटरवालं फंक्शन (५.५ पासून आहे) तिथे लावा, झालं. लाँग किंवा पॉइंटर असेल तर ड्रायव्हरमध्ये जुन्या मापाचा दुसरा स्ट्रक्ट लिहा, कॉम्पॅट फंक्शनमध्ये तो घ्या आणि नव्यात भरून नेहमीच्या कोडकडे द्या. ग्राहकाच्या अ‍ॅपला हात लावू नका आणि त्यांच्याकडून नवीन बायनरीची वाट पण बघू नका, हे काम ड्रायव्हरचंच आहे.

नवीन आयऑक्टल लिहाल तेव्हा पॉइंटर यू६४ मध्ये ठेवा, मधल्या मोकळ्या जागा स्वतः पॅडिंगने भरा आणि ते पॅडिंग शून्य नसेल तर एरर द्या. आज शून्य तपासलंत तरच उद्या त्या जागेला अर्थ देता येतो, नाहीतर जुनी अ‍ॅप्स तिथे कचरा पाठवत बसतात आणि ती जागा कायमची वाया जाते.

प्रश्न (कोल्हापूरहून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी): ताई, माझ्याकडे बोर्ड नाही आणि एफपीजीए किट परवडणारं नाही. तरी ड्रायव्हर लिहायला शिकता येईल का? सगळीकडे ‘हॅलो वर्ल्ड’ मॉड्यूलच्या पुढे काही मिळत नाही.

उत्तर: अगदी येईल, आणि एक रुपया खर्च न करता. क्यूईएमयूमध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) एडू नावाचं एक पीसीआय डिव्हाइस मुद्दाम शिकवण्यासाठीच ठेवलंय, चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात कर्नलच्या वर्गासाठी ते लिहिलं गेलं. क्यूईएमयू सुरू करताना डिव्हाइस म्हणून एडू सांगितलंस की आतल्या लिनक्समध्ये एलएसपीसीआयला १२३४:११ई८ असं दिसेल. त्याचा रजिस्टर मॅप क्यूईएमयूच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, एका पानाचा.

आधी ओळख रजिस्टर वाच. मग लाइव्हनेस रजिस्टर, तिथे जे लिहिशील त्याचे सगळे बिट उलटे होऊन परत येतात, म्हणजे मॅपिंग बरोबर झालंय हे कळतं. मग फॅक्टोरियल: आकडा लिहायचा, स्टेटसमधला बिजी बिट उतरायची वाट बघायची, उत्तर वाचायचं. हे पोलिंगने जमलं की इंटरप्टने कर, स्टेटसमध्ये एक बिट चढवला की हिशोब झाल्यावर तो इंटरप्ट देतो. तो अ‍ॅक्नॉलेज करायला मुद्दाम एकदा विसर आणि लॉगमध्ये काय होतं ते बघ, वर भोसरीच्या वाचकांना जे लिहिलंय ते आपोआप समजेल. आपल्याला मिस्क डिव्हाइस पुरे, कारण फॅक्टोरियल काढणाऱ्या हार्डवेअरला कुठलीच सबसिस्टिम नाही आणि तिथे स्वतःचा इंटरफेस देणंच योग्य आहे.

शेवटी डीएमए घे. डिव्हाइसच्या आत ४०९६ बाइटचा बफर आहे, त्यात रॅममधून डेटा टाकायचा आणि परत आणायचा. एक ध्यानात ठेव, हे डिव्हाइस मुळात २८ बिटचाच अ‍ॅड्रेस समजतं, म्हणजे पहिल्या २५६ एमबीपर्यंतचा. तेव्हा मेमरी मागायच्या आधी डीएमए मास्क २८ बिटचा सेट कर आणि त्या कॉलने काय परत दिलं ते तपासून मगच पुढे जा.